नव्या बोटीची चादर

माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, नव्या लढाऊ बोटीवर घेतलं, ही बातमी आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत पोचली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावचं पोर, आणि चाललंय समुद्रात. बोळातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आव्वा, आमची आई, तेवढी हसली नाही. अण्णा नेव्हीत भरती झाला तेव्हा तिनं तीन दिवस चूल पेटवली नव्हती, आणि नंतरही कुणी समुद्राचं नाव काढलं की ती उगाच घागरी हलवून ठेवायची.

भरती होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. एकाहत्तरची लढाई त्यानं किनाऱ्यावरच्या एका कार्यशाळेत तारा जोडत काढली, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटायचं. वीजकामात त्याचा हात चांगला होता. मग कधीतरी साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की मुंबईच्या गोदीत नवी बोट तयार होतेय, तिच्यावर क्षेपणास्त्रं आहेत, आणि ती सोडणाऱ्या यंत्राच्या विजेवर जी माणसं ठेवायची त्यात तुझं नाव आहे.

त्या वेळी तो सुटीवर आला तो बोलतच आला. एरवी चार शब्द बोलायचे तर पाच वेळा विचार करणारा माणूस, पण भाकरी हातात तशीच धरून आम्हाला बोट शिकवायला लागला. बोट पाण्यात सोडतात तेव्हा नारळ फोडतात, फोटो निघतात, पेपरात येतं, पण ती तेव्हा नुसता लोखंडी सांगाडा असते. मग तिला धक्क्याला बांधून ठेवतात आणि यंत्रं, तोफा, रडार एकेक करून बसवतात. समुद्रात नेऊन चाचण्या घेतात. आणि मग एक दिवस सगळे खलाशी पांढऱ्या कपड्यात रांगेनं उभे राहतात, कप्तान हुकूम वाचतो, झेंडा वर चढतो, आणि तिथून पुढं ती नौदलाची बोट. आप्पा, आमचे वडील, म्हणाले, म्हणजे साखरपुडा आधीच झालाय, आता अक्षता. अण्णा म्हणाला, तसंच समजा. त्या दिवशी जे बोटीवर असतात त्यांना त्या बोटीची पहिली माणसं म्हणतात, ती बोट मोडीत निघेपर्यंत.

आव्वानं विचारलं, ते क्षेपणास्त्र का काय, ते म्हणजे तोफच की. अण्णा म्हणाला, तोफेचा गोळा एकदा सुटला की सुटला, याला सुटल्यावरही वळवता येतं. "मग तुज्यापेक्षा बरंच की ते," आव्वा म्हणाली. "तू कुटं वळतोस."

तिला त्याच्या लग्नाची घाई होती, आणि तो दर वेळी पुढं ढकलत होता. पण त्या सुटीत मला समजलं की याला लग्न नको, बढती नको, क्वार्टर नको, फक्त झेंडा चढताना त्या बोटीवर उभं राहायचंय. लहानपणापासून त्यानं कशाचा हट्ट केलेला मला आठवत नाही. हा पहिलाच.

आता आप्पांचं सांगते. आप्पा मूळचे मैंदर्गीचे, घरी कानडी आणि मराठी दोन्ही. जमीन अशी की पेरलं तेवढं तरी हाती येईल का याची खात्री नाही. म्हणून ते तरुणपणी सोलापुरात आले आणि एका तेलुगू विणकराकडे माग शिकले. त्या उस्तादाला ते देवासारखं मानायचे. दिवसा दुसऱ्याच्या कारखान्यात काम, आणि घरी पुढच्या खोलीत स्वतःचा एक हातमाग, वर नक्षीचं यंत्र बसवलेला. चादरीवरचा मोर, वेल, कमळ, जे काय असेल ते आधी बारीक चौकटींच्या कागदावर काढायचं. एक चौकट म्हणजे एक टाका. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना बांधायचे आणि यंत्रावर चढवायचे. कागदावर काढणं हे एकाचं काम, विणणं दुसऱ्याचं. आप्पांना काढता येत नव्हतं. अण्णाला यायचं. शाळेत असल्यापासून पेठेतले लोक त्याच्याकडून नक्षे काढून न्यायचे.

आणि आमच्या पेठेत सगळ्यात मोठी चोरी म्हणजे नक्ष्याची चोरी. सोनं चोरलं तर माणूस तुरुंगात जाऊन येईल, पुन्हा बोळात बसेल, लोक चहा देतील. पण दुसऱ्यानं काढलेला नक्षा आपला म्हणून सांगितला, की त्याच्या घरी कुणी हळदीकुंकवालासुद्धा जायचं नाही. आप्पांच्या उस्तादानं माग शिकवायच्या आधी त्यांना आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की ज्याचा नक्षा त्याचं नाव घेईन. गिऱ्हाईकाला चादर दाखवताना आप्पा आधी नक्षेवाल्याचं नाव सांगायचे आणि मग भाव. बाकी आप्पा काही हरिश्चंद्र नव्हते. तंबाखू सोडली म्हणून आव्वाला किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. पण नक्ष्याच्या बाबतीत नाही म्हणजे नाही.

समारंभाला घरच्या माणसांनाही बोलावणं असतं असं अण्णानं सांगितलं, आणि आप्पांनी तिथंच ठरवलं की कप्तानसाहेबांना चादर द्यायची. सोलापूरचा माणूस रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जात नाही. पण मोर-कमळाची चादर नको. बोटीची पाहिजे. तू काढ, मी विणतो.

अण्णा नको म्हणाला. बोट अजून गोदीत आहे, तिथं फोटो काढायला बंदी आहे, बाहेर काही दाखवायचं नसतं. आप्पांनी त्याला सरळ विचारलं, चादर कुणाला द्यायची? कप्तानाला. बोट कुणाच्या ताब्यात? कप्तानाच्या. मग ज्याची वस्तू त्यालाच दाखवायला चोरी कसली? मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर अण्णालाही पटलं, कारण त्याला काढायची होतीच. तो म्हणाला, एकच चादर. मग कागद आणि पुठ्ठे जाळून टाकायचे. आप्पांनी हो म्हटलं, आणि तो शब्द त्यांनी पाळला.

अण्णानं आधी म्हटलं होतं की नुसता बाहेरचा आकार काढतो. पण पेन्सिल हातात आल्यावर त्याला अर्धवट सोडता येईना. चौकटीमागून चौकट तो भरत गेला. डोलकाठीवरची रडारं, त्यांच्या जाळ्या, पुढची तोफ, आणि मागच्या बाजूला क्षेपणास्त्रं सोडायचं ते यंत्र, ज्याच्यावर त्याचं काम होतं. ते त्यानं सगळ्यात मन लावून काढलं. आम्ही भोवती बसून बघत होतो. आव्वानं नुसतं विचारलं की हिला एकही खिडकी कशी नाही, आत गुदमरत नाही का.

सुटी संपवून तो गेला आणि आप्पांनी पुढचं दार लावून माग सुरू केला. पुठ्ठे मी ओवले. पांढऱ्या ताण्यावर निळा बाणा. चादर मागावरून उतरली तेव्हा आप्पांनी ती उंबऱ्यावर पसरली, हळदकुंकू वाहिलं आणि तिच्याकडं बघत बसले. आप्पांनी आयुष्यात त्याहून चांगलं काही विणलं नाही, हे मी लेक म्हणून सांगत नाही. पेठेत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. पण दाखवायची सोय नव्हती. मग कागद आणि पुठ्ठे चुलीत गेले, आणि त्यावर त्या दिवशीच्या भाकरी झाल्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं मुंबईला पोचलो. अण्णानं एका साहेबांना सांगून ठेवलं होतं की वडील छोटीशी भेट आणणार आहेत. ते साहेब बोटीवरचेच, कप्तानाच्या खालचे. त्यांनी दुपारी आम्हाला गोदीच्या फाटकाजवळच्या ऑफिसात बोलावलं. उंच, शांत माणूस, पुण्याकडचं मराठी बोलणारा. आव्वाला खुर्ची दिली, चहा मागवला, तुमचा मुलगा फार चांगला आहे म्हणाले. कोपऱ्यात एकजण टाइप करत बसला होता. अण्णा पांढऱ्या कपड्यात दाराशी ताठ उभा होता. आव्वा त्याच्याकडं बघत होती आणि चहा गार होत होता.

आप्पांनी चादर उलगडली. साहेब वा म्हणाले, मनापासून म्हणाले. मग ते जवळ आले, वाकले, आणि त्यांचा हात त्या मागच्या यंत्रापाशी थांबला. त्यांनी बोटानं टाके मोजल्यासारखं केलं. नंतर डोलकाठीकडं पाहिलं. टाइप करणाऱ्याचा आवाज बंद झाला. त्यानंही मान वळवली होती. मी अण्णाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, पण तो हलला नाही.

साहेबांनी चादर अर्धी दुमडली, यंत्र झाकलं जाईल अशी. आणि अगदी हळू आवाजात आप्पांना म्हणाले, "बाबा, ही बोट पाण्यात सोडली तेव्हा पेपरात चित्र आलं होतं. त्यावरून तुम्ही हे केलंत ना? बाकीचं तुम्ही तुमच्या मनानं घातलंय."

ते विचारत नव्हते हो. ते सांगत होते. बुडणाऱ्याला दोर टाकावा तसं ते वाक्य त्यांनी आमच्यापुढं टाकलं होतं. मला कळलं. आव्वा कधी शाळेत गेली नव्हती, पण तिलाही कळलं, कारण तिनं आप्पांच्या धोतराचा सोगा ओढला. आप्पांनी नुसतं व्हय म्हणायचं होतं.

पण आप्पांना काय ऐकू आलं ते मी सांगते. त्यांना ऐकू आलं की हा मोठा माणूस विचारतोय, नक्षा कुणाचा, आणि आपण गप्प बसलो तर पोराचा नक्षा आपल्या नावावर चढतोय. भवानी पेठेत हा प्रश्न फक्त चोरीचा संशय आला की विचारतात. त्यांची मान ताठ झाली.

"न्हाय सायेब," ते म्हणाले. "नक्षा माजा न्हाय. ह्येचा हाय, माज्या पोराचा. मी नुसता इणणारा."

साहेबांनी डोळे मिटले. मग पुन्हा विचारलं, आणि या वेळी तर त्यांनी उत्तर तोंडात भरवलं. तुमच्या मुलानं फार तर बोटीचा आकार सांगितला असेल, नाही का? हे बारीक काम तुमचंच. इतकी वर्षं विणताय तुम्ही.

"एक रेघ माजी न्हाय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "टाका न् टाका त्येनं काढलाय. हितं बोट बघून, ध्यानात धरून, घरी बसून. असा नक्षा काढणारा पेटंत दुसरा न्हाय."

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. इथं सुंभाबरोबर घर जळत होतं, आणि आमचे आप्पा छाती काढून पीळ दाखवत होते. मला त्यांचा राग आला. इतका राग मला नंतर आयुष्यात कुणाचा आला नाही, नवऱ्याचासुद्धा नाही. साहेबांनी टाइप करणाऱ्याकडं पाहिलं. दोघांनी ऐकलं होतं. आता ऐकलं नाही असं करता येणार नव्हतं. त्यांनी चादरीची घडी घालून ती टेबलाच्या खणात ठेवली आणि अण्णाला बाहेर थांबायला सांगितलं. आमचे दुसऱ्या दिवशीचे पास त्यांनी परत मागून घेतले. घेताना ते आव्वाला माफ करा म्हणाले.

आप्पांना वाटलं की चादर कप्तानाला दाखवायला नेली. रात्री आम्ही मैंदर्गीच्या एका ओळखीच्या माणसाच्या खोलीवर उतरलो होतो, तिथं ते विचारत होते की पास का काढून घेतले, गर्दी झाली असेल का. आव्वा भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी सांगितलं नाही. सकाळी ते ऐकेनात, म्हणून आम्ही गोदीच्या फाटकाबाहेर जाऊन उभे राहिलो. भिंत उंच होती. मोटारी आत जात होत्या, नटलेल्या बायका, पदकं लावलेले साहेब. मग आतून बॅन्डचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. आप्पांनी पहारेकऱ्याला विचारलं की झेंडा चढला का. तो म्हणाला, चढला असेल. आप्पांनी हात जोडले. आमचा अण्णा त्या वेळी कुठल्या तरी खोलीत जबाब देत बसला होता, आणि त्याची बोट त्याच्यावाचून नौदलाची झाली.

पुढं काही महिने चौकशी चालली. अण्णानं एकदाही म्हटलं नाही की वडलांनी भरीला घातलं. साहेबांनीही त्याच्यासाठी शब्द टाकला असं नंतर कळलं. त्यामुळे तुरुंग टळला, पण नोकरी गेली. तो घरी आला तो ट्रंक घेऊन, साध्या कपड्यात, आणि आव्वानं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ज्या समुद्रापायी ती इतकी वर्षं रडली त्यातून पोरगा सुखरूप परत आला होता, आणि तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

पेठेत लोक विचारायला आले. अण्णानं सांगितलं, डोळे कमी झाले म्हणून काढलं. आप्पा तिथंच बसले होते. लोक गेल्यावर ते मला म्हणाले, ह्याचे डोळे तर चांगले आहेत. तेव्हा माझा बांध फुटला. अण्णा घरात नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, साहेब काय विचारत होते आणि का विचारत होते ते. तुम्ही नुसतं व्हय म्हणाला असता तर तुमचा पोरगा आज बोटीवर असता, असं तोंडावर सांगितलं.

आप्पा पहिल्यांदा माझ्यावरच उखडले. मग म्हणाले, मी चोर व्हायचं हुतं व्हय? मी म्हटलं, व्हय. व्हायचं हुतं. ते उठले आणि मागावर जाऊन बसले, पण धोट्याला हात लावला नाही.

अण्णाला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं. सायकलीवर डबा अडकवून तो पाळीला जायचा. पेठेतले लोक पुन्हा नक्षे काढून मागायला आले, त्यांना तो नाही म्हणाला. घरात पेन्सिल दिसली की उचलून फळीवर ठेवायचा. कुणावर चिडला नाही, आप्पांशी वाकडं बोलला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. आप्पा त्याच्या तोंडाकडं बघत बसायचे, की आता बोलेल, आता बोलेल. तो म्हणायचा, आप्पा, जेवून घ्या.

मग एक दिवस आप्पांनी मला सांगितलं, पाट्या वाचायला चल. आव्वाला मैंदर्गीला जातो म्हणाले, आणि आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो. वाटेत ते एकच गोष्ट पुटपुटत होते. मी कान देऊन ऐकलं. ते पाठ करत होते, नक्षा माजा हाय, पोराचा काय संबंध न्हाय.

ते साहेब बोटीबरोबर समुद्रावर होते. फाटकावर बरंच थांबल्यावर दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं आम्हाला आत घेतलं. तरुण होता, पण ऐकून घेणारा. आप्पांनी उभ्याउभ्या सांगितलं, म्या चोरी केली सायेब, पेपरातलं चित्र बघून मीच काढलं, आणि भीतीपोटी पोराचं नाव घेतलं. ज्या माणसानं उस्तादाची शपथ पोरापेक्षा मोठी मानली होती, तो ती आता पोरासाठी मोडत होता. मला त्यांच्याकडं बघवेना.

अधिकाऱ्यानं आप्पांना बसवलं. कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढं ठेवली, आणि म्हणाला, पूर्ण नको, फक्त मागचा भाग काढून दाखवा.

आप्पांनी पेन्सिल धोटा धरतात तशी मुठीत धरली. त्या बोटीचा प्रत्येक टाका त्यांच्या हाताखालून गेला होता. पण विणताना यंत्र दोरे उचलतं, विणकर नुसता धोटा मारतो. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी एक आडवी रेघ ओढली, तिच्या दोन्ही टोकांना वर वळवलं, आणि मधे एक काठी उभी केली. त्यांनी एक होडी काढली होती, पहिलीतली पोरं पाटीवर काढतात तशी. अधिकाऱ्यानं तो कागद काढून घेतला आणि चहा मागवला.

आम्ही परत आलो तेव्हा अण्णा पाळीला निघत होता. त्याला मैंदर्गीहून निरोप आला होता की आम्ही तिकडं नाही. कुठं गेला होतात, त्यानं विचारलं. आप्पा दारातच खाली बसले.

"मुंबैला," ते म्हणाले. "तुजी बोट मला काढता आली न्हाय रे."

अण्णाला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं सायकल भिंतीला टेकवली, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, आप्पांच्या पायांवर घातलं, आणि पाळीला उशीर झाला होता म्हणून निघून गेला.